ज्यांना येता आलं नाही

ब्रोकन हिल, ९ मे २०२१

ती. रेखाताई यांस,
सा. न. वि. वि.

फोन केला की दर वेळी यतिन उचलतो आणि आई झोपली आहे म्हणून सांगतो. म्हणून हे पत्र.

विनयने रिटायर झाल्यावर फिरायला म्हणून घेतलेली कॅम्परव्हॅन घेऊन मी एकटीच निघाले आहे. तो गेला तेव्हा अंत्यसंस्काराला दहाच माणसांना परवानगी होती. त्याचे कॉलेजचे मित्र आपापल्या घरी लॅपटॉपसमोर बसून होते, तुमच्यासारखेच. वर्ष उलटलं तरी भेटायला यायचं राहिलं, एवढंच प्रत्येक जण फोनवर म्हणतो. शेवटी वाटलं, आपणच जावं.

कॅसल हिलच्या घरून इथे यायला चार दिवस लागले. दुपारी चारलाच थांबते, त्यानंतर कांगारू रस्त्यावर येतात. पाणी भरणं, गॅस जोडणं, टॉयलेटची टाकी रिकामी करणं, सगळं यायला लागलंय. लाल धूळ मात्र पोह्यांच्या डब्यातसुद्धा शिरते.

रविंद्र इथे खाणीत इंजिनिअर आहे. पुण्याला तुमच्याकडे जेवायला यायचा, तो उंच. मला पाहिलं आणि रडायलाच लागला. मयूरा, त्याची बायको, म्हणाली, सगळं पहिल्यापासून सांग. सांगितलं. संध्याकाळी शेजारी आले, त्यांनाही सांगितलं. मग चहा मीच केला, कारण ती दोघं उठण्याच्या अवस्थेत नव्हती. वाटेत डबो गावी भास्करकडेही असंच झालं. लोकांना धीर देऊन देऊन दमले हो, ताई.

पुढे कूबर पीडीला प्रल्हादकडे जाईन. लिहावंसं वाटलं तर तिथल्या पोस्टात माझ्या नावाने पाठवा, ठेवून घेतात.

लोभ उरला असेल तेवढा असू द्यावा.

आपली,
नीलिमा

*

क्लेटन, १८ मे २०२१

चि. सौ. नीलिमा हिस,
अनेक आशीर्वाद.

'सौ.' सवयीने लिहून गेले. खोडायला गेले, खोडवेना. राहू दे.

मी झोपलेली नसते. यतिनला मीच तसं सांगायला लावते. आता खोटं कशाला बोलू?

चार महिने तो आजारी होता आणि चार महिने तू मला फोनवर सांगत होतीस की विनय आंघोळीला गेलाय, विनय दुकानात गेलाय. मला कळलं ते तो जाण्याच्या नऊ दिवस आधी. मी त्याच्याहून आठ वर्षांनी मोठी. आई गेल्यावर त्याचा शाळेचा डबा मी भरत होते. आणि त्याला शेवटचं पाहिलं ते यतिनच्या लॅपटॉपवर. मध्येच चित्र अडकलं. परत दिसायला लागलं तोवर पेटी आत गेली होती. आठ-दहा माणसांच्या पाठी तेवढ्या दिसल्या.

मित्रांच्या दारी जाऊन त्यांचे डोळे पुसतेस, चांगलं आहे. वाटेत क्लेटन लागत नाही, हे मला कळतं.

यतिनने नकाशा दाखवला. ग्लेंडॅम्बोनंतर अडीचशे किलोमीटर पेट्रोल मिळत नाही म्हणे. टाकी भरून घे. उन्हाची टोपी घाल.

राग आहे म्हणून लोभ कमी झालेला नाही.

रेखा

*

कूबर पीडी, ३ जून २०२१

ती. रेखाताई यांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र पोस्टाच्या पायरीवर उभ्यानेच वाचलं. मेलबर्न परत बंद झाल्याचं इथे रेडिओवर ऐकलं. भाजी, औषधं यतिनकडूनच मागवत जा.

प्रल्हाद इथे एकटाच राहतो. टेकडी पोखरून केलेलं घर आहे, वर उन्हाने काहिली झाली तरी आत गार. ओपलचे खडे शोधायला म्हणून आला आणि वीस वर्षं झाली तरी शोधतोच आहे. गाडीचा आवाज ऐकून बाहेर आला. मला पाहून हसला आणि माझ्या मागे गाडीच्या दुसऱ्या दाराकडे बघत उभा राहिला. मग म्हणाला, विनय झोपलाय का?

त्याला ठाऊकच नव्हतं, ताई. रविंद्रला वाटलं मी कळवलं असेल, मला वाटलं रविंद्रने. दिवाळीला विनयचा फोन आला नाही तेव्हा हा समजला, आपलं काहीतरी चुकलं, म्हणून विनय रागावला.

मला एवढंच सांगता आलं की गेला, मागच्या एप्रिलमध्ये. पहिल्यापासून सांग, असं तो म्हणाला नाही. आत गेला, पिठलं-भात केला, माझ्यासमोर ठेवला. मग खिडकी नसलेली एक खोली दाखवली. मी सोळा तास झोपले. वर्षभरात एवढी झोपले नव्हते. उठले तेव्हा तो बाहेर गाडीच्या काचा पुसत होता, डोळे सुजलेले. रडायचं ते माझ्या माघारी उरकून घेतलं होतं त्याने.

आता तुमच्या रागाबद्दल. तुमच्या बायपासला तीन आठवडे झाले होते तेव्हा त्याचा रिपोर्ट आला. त्याने मला शपथ घातली, ती उभी राहीपर्यंत एक शब्द सांगायचा नाही. तुम्ही उभ्या राहिलात आणि जगच बंद पडलं. शपथ मोडायला हवी होती. मोडली नाही, ती चूक माझी.

आणि क्लेटन लागत नाही असं नाही. मी मुद्दाम टाळलं.

माझ्यावर लोभ ठेवा असं लिहायचा धीर होत नाही.

नीलिमा

*

क्लेटन, १७ जून २०२१

चि. नीलिमा हिस,
अनेक आशीर्वाद.

बायपासच्या वेळी तो रोज फोन करायचा. आवाज बसलाय म्हणाला तर मी त्याला हळदीचं दूध घे म्हणून सांगितलं. तो बरं म्हणाला. हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही.

उद्यापासून घरी दोन पाहुण्यांना परवानगी आहे. तू एकटीच आहेस, म्हणजे नियमात बसतेस. तुझी ती मोठी गाडी आमच्या ड्राइव्हवेत मावणार नाही, म्हणून समोरच्या ग्रीक आजोबांना विचारलं. ते नो वरीज म्हणाले. मागची खोली आवरून ठेवली आहे, जाड पडदेही लावून घेतलेत. झोप हवी तेवढी. मी काही पहिल्यापासून सांग म्हणणार नाही.

फक्त एक विचारायचं आहे. वेस्टमीडच्या हॉस्पिटलात शेवटी एकट्या तुलाच आत सोडत होते. त्याने माझं नाव काढलं होतं का? नसेल तर नाही म्हण, मी सहन करीन.

तुझी वाट पाहते. लोभ आहे, नेहमीसारखाच.

रेखा

*

मिल्डुरा, २८ जून २०२१

ती. रेखाताई यांस,
सा. न. वि. वि.

परमिट दाखवून तुमच्या राज्याच्या हद्दीत आले. क्लेटन आता एका दिवसावर आहे, पण हे पत्र माझ्याआधी पोचावं म्हणून तीन दिवस इथे नदीकाठी थांबते. तोंडाने मला सांगता येणार नाही.

तुमचं नाव काढलं का, असं विचारलंत. शेवटचे दोन दिवस त्याला माणसं ओळखू येत नव्हती. मी हात धरला की तो 'आक्का' म्हणायचा, तुम्हाला लहानपणापासून मारायचा तीच हाक. आक्का, पाणी दे. आक्का, दिवा नको घालवू. तीस वर्षांचा संसार, पण एकदाही नीलिमा म्हणाला नाही. ते मला फार लागलं. म्हणून तुमच्याकडे येणं टाळत होते, शपथेचं कारण नंतरचं.

पण दर हाकेला मी ओ दिली. तुमच्या वतीने दिली, असं समजा.

शुक्रवारी दुपारी येते.

आपली,
नीलिमा