गरम हात

शनिवार, १० फेब्रुवारी
आज एका शब्दाचं खोटं बोलले. 'धुतले.'

इस्त्री निम्म्यावर आली होती. मारिबेथ — आमची नर्स, सकाळी सात ते एक येते — स्वयंपाकघरात नळीचं सामान उकळत होती. तेवढ्यात माझ्या लेकीच्या, जेलिनच्या, गळ्यातली श्वासाची नळी घरघरायला लागली. मी इस्त्री उभी केली, हात झग्याला पुसले आणि नळीला मशीन लावून कफ ओढून काढला. पोर शांत झाली. मारिबेथ मला मम्मीच म्हणते; दारातून म्हणाली, "मम्मी, हात?" "धुतले!"

कुठले धुणार! तापलेले हात पाण्यात घातले की पास्मा होतो. शिरा फुगतात, बोटं कापायला लागतात. आई जन्मभर हेच सांगत आलीय, आणि आज तिच्या हातात कप ठरत नाही. माझी बोटं कापायला लागली तर जेलिनची नळी कोण सांभाळणार?

जानेवारीपासून लोकांचे कपडे इस्त्रीला घेते; दर बुधवारी आणि शनिवारी हेच चाललंय.

मंगळवार, १३ फेब्रुवारी
ताप १०३. ॲम्ब्युलन्समध्ये मारिबेथ फुगा दाबून श्वास देत होती. मी नुसते जेलिनचे पाय धरून बसले.

बुधवार, १४ फेब्रुवारी
छातीत जंतू. डॉक्टर म्हणाले, "हातांवरून गेलेले दिसतात." मी हात मांडीखाली घेतले.

शुक्रवार, १६ फेब्रुवारी
नर्स पाठवणाऱ्या संस्थेच्या बाई हॉस्पिटलात आल्या. "घरी कफ कोण काढतं?" मारिबेथ समोरच उभी होती.

मी म्हणाले, "नर्सच काढते."

तिने माझ्याकडे पाहिलं. वाटलं, आता बोलेल! "हो मॅडम," एवढंच म्हणाली. तिला आमच्या घरून काढलं. चौकशी होणार आहे म्हणे.

मला जमत नाही असं ठरलं की पोर वॉर्डातच राहते. म्हणून बोलले मी. नाही — हेही खोटं. लाज वाटली म्हणून बोलले.

सोमवार, १९ फेब्रुवारी
जेलिन घरी आली. ताप नाही.

आई म्हणते, "बरं झालं गेली! आली की साबण, साबण! आम्ही काय उकिरड्यावर राहतो?" मी आईवर केवढी ओरडले. ती दोन्ही हातांनी कप धरून बसली. तिचा काय दोष?

मंगळवार, २० फेब्रुवारी
सात वाजल्यापासून जेलिनचे डोळे दाराकडे. बोलता येत नाही तिला. तळहातावर तळहात चोळून दाखवत होती — साबणासारखं. ही तिची मारिबेथची खूण. पाच वर्षांच्या पोरीला काय सांगू? 'येईल' म्हणाले. आणखी एक खोटं.

बुधवार, २१ फेब्रुवारी
इस्त्रीला हात लावला नाही. कपडे पडून आहेत. झोप नाही.

शनिवार, २४ फेब्रुवारी
कपड्यांसाठी लोक दारात यायला लागले, म्हणून सकाळी इस्त्री घेतली. नव्या नर्सने पलंगापाशी टांगलेली नर्सच्या नोंदींची वही काढली. "मम्मी, हे आधीच्या सिस्टरनी तुमच्याबद्दल लिहिलंय का?" मारिबेथचं अक्षर. तारीख १० फेब्रुवारी.

'मोरीतला साबण कोरडा होता. इस्त्रीच्या दिवशी मम्मी पाण्यात हात घालत नाहीत. माझी आईपण घालायची नाही. गुरुवारी हातमोज्यांचा डबा आणून इस्त्रीच्या टेबलावर ठेवायचा. मोजे कोरडे असतात. मम्मींना लाजवायचं नाही.'

म्हणजे त्या दिवशी हॉस्पिटलात तिला सगळं माहीत होतं!

इस्त्री बंद केली. हात चांगले तापले होते. तसेच नळाखाली धरले, साबण लावला, कोपरापर्यंत धुतले. आई आतून ओरडत राहिली. संस्थेचं ऑफिस शनिवारी बारापर्यंत उघडं असतं. वही पिशवीत घातली आहे.