सासूची बुडी

कोल्हापूर, ६ फेब्रुवारी २०२५

चि. श्रेयस,
अ. उ. आ.

फोनवर तू नुसता हं-हं करतोस, म्हणून पत्र. वर्धमानआजोबांच्या 'सासूची बुडी' या मूकपटाला या महिन्यात शंभर वर्षं होतील. हॉल ठरवलाय, गडमुडशिंगीची सगळी भावकी येणार. रीळ पुण्याला नेऊन तुला तीन महिने झाले; दुरुस्त करतोयस की लोणचं घालतोयस? आजोबांचे धाकटे भाऊ गुंडूआजोबा लुगडं नेसून सासू झालेत, म्हशीच्या धक्क्याने पंचगंगेत पडतात आणि हात नाचवतात. तिथं आम्ही पोट धरून हसायचो. बिचारे त्याच वर्षी पटकीने गेले, ऐन विशीत.

येताना सोबत कुणाला आणायचं असेल तर आण, मी काही विचारणार नाही. माझी माया आहेच, पत्राला उत्तर पाठव.

तुझी
सुरेखाआत्या

पुणे, १३ फेब्रुवारी

ती. सुरेखाआत्यास,
सा. न. वि. वि.

रीळ झालं. पण आत्या, एक सांगायचंय. वर्धमानपणजोबांची पद्धत तुला ठाऊक आहे: नटाला पुढं काय घडणार ते सांगायचं नाही, आणि कॅमेऱ्याचा दांडा हळू फिरवायचा, म्हणजे पडद्यावर माणसं भरभर पळतात. मी सहज ते दृश्य खऱ्या वेगाने लावून पाहिलं. तो नाच नाही. लुगडं पायांत गुंतलंय. गुंडूआजोबा कॅमेऱ्याकडे हात करून दोनदा 'दादा' म्हणतात, ओठ स्पष्ट दिसतात. मग नुसतं पाणी. तरी दांडा फिरतोच आहे.

पणजोबांना तो अभिनय वाटला असेल, असं मी स्वतःला सांगतो. पण पटकी खोटी, आत्या. डोळे मिटले तरी मला ते पाणी दिसतं. भावकीसमोर आपलाच माणूस बुडताना कसा दाखवू? कार्यक्रम रद्द करूया का? रागावली नाहीस एवढं कळव.

तुझा
श्रेयस

कोल्हापूर, १७ फेब्रुवारी

चि. श्रेयस,
अ. उ. आ.

रागावले आहे, पण तुझ्यावर नाही. पत्र वाचलं आणि दिवसभर चूल पेटवली नाही.

दिवाळीला आजोबा घरी प्रोजेक्टर हाताने फिरवून हा सिनेमा दाखवायचे. त्या दोघा भावांची आई, आमची आक्का, सगळ्यांच्या पुढं बसायची, तोंडाला पदर लावून. आम्हाला वाटायचं, हसतेय. बुडी आली की ती दरवर्षी म्हणायची, की वर्धमाना, हळू फिरव की रं, बघू दे मला त्याला. आजोबा मान खाली घालून आणखी जोरात फिरवायचे. आम्ही त्यालाही हसलो, श्रेयस.

कार्यक्रम होईल. खऱ्या वेगानेच लाव. शंभर वर्षांत आक्काखेरीज त्या पोराकडे न हसता कुणी पाहिलेलं नाही.

जीव लावतोस तसाच लावत राहा.

तुझी
सुरेखाआत्या