स्टूल सरकतंय

५ जानेवारी

ति. ताईस, तुझ्या उपद्व्यापी भावाचा वाकून नमस्कार. वि. वि.

आधी कबुली देतो, मग शिव्या घाल. गॅलरीतलं बाबांचं स्टूल मी रोज वीतभर लांब सरकवतोय.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, फुप्फुसाचा आजार जुना असला तरी चाला. बाबांचा हेका, की आत आधीच सूज आहे, दम लागला की ती वाढणार. शेवटी स्टुलापर्यंत जाऊन परत, एवढ्यावर सौदा ठरला. आता बिचारे तेवढंच चालतोय समजून जास्त चालतात!

काय करू? तुझा तिसरा मजला, लिफ्ट नाही. तू बाळाला घेऊन येते म्हणालीस, तर फुगून बसले, म्हणे पहिल्यांदा आजोबाच नातीकडे जाणार. पोरीला दात आले, तरी यांची भेट फोटोतच.

लोभ असू दे, मार नको.
तुझा भाऊ

११ जानेवारी

चि. टोणग्यास, आशीर्वाद आणि एक धपाटा.

अरे, बाबांचा श्वास म्हणजे काय तुझी सायकल आहे? मी डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, एकदम दमछाक झाली तर रक्ताच्या तपासणीत दिसते ती सूज तेवढ्यापुरती वाढू शकते. रोज बेताने चाललं तर काहींची हळूहळू उतरते, काहींची नाही, खात्री कुणीच देत नाही. पण दमसास वाढतो, पायांत बळ येतं, हे नक्की. बोटाला तो ऑक्सिजनचा चिमटा लाव. आकडा अठ्ठ्याऐंशीच्या खाली गेला तर लगेच बसव. आणि आधी त्यांना खरं सांग!

बाळ तुझ्यासारखंच ओरडतं. देव तिला अक्कल देवो.
तुझी ताई

२३ मार्च

ति. ताईस, सुधारलेल्या भावाचा नमस्कार. वि. वि.

गेल्या महिन्यात रक्ताचा रिपोर्ट आला. सुजेचा आकडा होता तिथेच, ढिम्म. बाबांचं तोंड एवढंसं झालं. मग त्यांना धीर यावा म्हणून मी सगळं ओकून टाकलं, की सूज नसेल हलली, पण तुम्ही दुप्पट चालताय.

तर ते हसायला लागले. म्हणाले, चाळीस वर्षं सुतारकाम केलं, सूतभर फरक डोळ्याला कळतो, आणि हा गाढव वीतभर सरकवतो! पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. भिंतीवर रोज पेन्सिलीची खूण करत होते. बोललो असतो तर तू सरकवायचं थांबला असतास, म्हणून गप्प बसलो, म्हणाले.

आता आम्ही जिना चढतो. चार पायऱ्या, थांबा, चिमटा, पुन्हा चार. काल तीन मजले झाले. वर बाबा घामाघूम, आकडा ब्याण्णव, आणि मीच जास्त धापा टाकत होतो.

रविवारी आम्ही तुझ्याकडे येतोय. तुला कळू द्यायचं नाही अशी त्यांनी माझ्याकडून शपथ घेतलीय, आणि मी ती हे लिहून मोडतोय. कारण तू दार उघडायला वेळ लावलास तर ते जिन्यात उभे राहतील. तेव्हा दाराशीच थांब, पण उघडताना दचकल्यासारखं कर. भाऊजींनासुद्धा सांगू नकोस, त्यांना नाटक जमत नाही. पाया पडतो ताई, कुण्णाला म्हणजे कुण्णाला सांगू नकोस!