‘दोघे’पाशी थांबायचं

॥ श्री ॥

इंदिरानगर, नाशिक
२१ नोव्हेंबर २०२४

ती. गोदाताईस,
शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

तुझं पत्र पोचलं. त्र्यंबकची थंडी कागदालाही लागून आली होती. फोनवर माझा आवाज तुला विहिरीतून आल्यासारखा येतो, तेव्हा पत्रच बरं. मला तेवढंच लिहायला निमित्त.

बातमी वाचून हसू नकोस. तुझा एकाहत्तर वर्षांचा भाऊ आणि तुझी भावजय अडथळ्यांच्या शर्यतीत पळणार आहेत! आमच्या ज्येष्ठ मंडळानं फेब्रुवारीत जोडप्यांसाठी शर्यत ठेवली आहे. टायरांतून पावलं टाकायची, जाळीखालून सरपटायचं, आडवा ओंडका ओलांडायचा, वाळूची पिशवी दोघांनी मिळून न्यायची. नियम एकच, जोडीदाराचा हात सुटता कामा नये. सुटला की बाद. सुधानं मला न विचारता नाव दिलं आणि निळी ट्रॅकपँट घेऊन आली. मी म्हटलं, हे काय वय आहे? तर म्हणाली की पाटबंधारे खात्यात बसून बसून तुमचे गुडघे गंजलेत, त्यांना पाणी सोडायला हवं.

रोज सकाळी मैदानावर जातो. पहिले चार दिवस आमची पावलं काही जुळेनात. मग मला शाळेतलं भुजंगप्रयात वृत्त आठवलं. लगागा, लगागा! एक छोटं पाऊल, दोन लांब. मास्तर छडीनं टेबलावर ताल धरायचे, तो अजून माझ्या पायांत आहे. मी एक ओळही रचली:

धरू हात दोघे, निघू या, हळू या.

‘दोघे’पाशी यती, म्हणजे तिथं थांबायचं, श्वास घ्यायचा. अडथळा आला की मी ‘दोघे’ म्हणतो, दोघंही थांबतो, मग ‘निघू या’वर पाय उचलायचा. सुधा म्हणते की टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तिनं जन्मभर लोकांना होल्ड करा सांगितलं, आता नवरा तिला सांगतोय. पण ताई, पावलं जुळली!

लोभ आहेच, शर्यतीपुरता थोडा वाढवावा.

तुझा धाकटा,
ढुंढू


त्र्यंबकेश्वर
२८ नोव्हेंबर

चि. ढुंढूस अनेक आशीर्वाद.

हसू नकोस म्हणालास म्हणून आधी मनसोक्त हसून घेतलं. कुशावर्त कुंडाशी जाऊन शेजारणींना सांगितलं, त्याही हसल्या. मग घरी येऊन जरा हेवा वाटला. तुझे भावजी असते तर त्यांनी माझा हात धरून पळण्याऐवजी पाट मांडून बसणं पसंत केलं असतं.

कवितेत हरवलास की तुला समोरची म्हैस दिसत नाही, हे मी लहानपणापासून पाहतेय. म्हणून सांगते, डोळे उघडे ठेव. सुधाला आता पासष्टावं संपलं. कानाचं यंत्र शिट्टी घालतंय, थांबते.

गोदाताईचे आशीर्वाद धरून चाल, वाटेत सांडू नकोस.

गोदाताई


इंदिरानगर
१४ डिसेंबर

ती. गोदाताईस,
शि. सा. न. वि. वि.

सुधा पडली. डावं मनगट मोडलंय, प्लास्टर घातलंय. काळजी करू नकोस असं लिहायचं असतं, म्हणून लिहितो.

सगळ्यांना मी सांगितलं की गवतावर दव होतं, पाय घसरला. दवाखान्यात तेच, शेजाऱ्यांना तेच, मुंबईहून विहंगचा फोन आला तेव्हा पोटच्या पोरालाही तेच. तुला तेच लिहायला बसलो होतो, पण तुझ्यापुढे खोटं अक्षर उमटेना.

दव नव्हतं. ओंडका जवळ आला होता. मैदानापलीकडच्या शाळेत मुलांनी कविता सुरू केली, अगदी आपल्या वेळच्या चालीत, शेवटचं अक्षर लांबवत. मला एकदम आपली पत्र्याची शाळा दिसली, पाटीला पुसायच्या ओल्या फडक्याचा वाससुद्धा आला. त्या कवितेचं वृत्त निराळं होतं आणि माझे पाय नकळत त्यावर पडू लागले. मी ‘दोघे’ म्हणालोच नाही. सुधा माझ्या आवाजावर विसंबून होती. थांबायची खूण आलीच नाही म्हणून तिनं उडी घेतली आणि मी त्या कवितेच्या यतीवर जागच्या जागी थांबलो.

इथवर चूक म्हणता येईल. पुढचं म्हणता येत नाही. माझा तोल जायला लागला, तेव्हा स्वतःला सावरायला मी तिचा हात सोडला. सावरलो मी. ती एकटी पडली. मास्तर यतिभंगाला कान पिळायचे. या यतिभंगाला काय करावं?

दवाखान्यात मी दवाचं सांगत असताना ती शेजारी होती. माझ्याकडे बघून म्हणाली की हो, दवच होतं. तेव्हापासून स्वयंपाकघर माझ्याकडे. तिच्यासाठी चहा करतो, भाजी चिरतो, वेणी घालायलाही शिकलो. बोलायला जातो आणि भाजीत मीठ किती ते विचारून परत येतो.

लोभाची मागणी कुठल्या तोंडानं करू?

ढुंढू


त्र्यंबकेश्वर
२० डिसेंबर

चि. ढुंढूस आशीर्वाद.

रागावून लिहितेय, अक्षर लावून घे. मला सांगितलंस आणि मोकळा झालास, असं समजू नकोस. मनगट माझं मोडलेलं नाही. तिच्यापाशी बोल. मी बहिरी झालेय म्हणून सगळ्यांनी माझ्या कानात हवं ते ओतून जायचं, असं ठरलंय का?

वेणी घालतोस ते वाचून मात्र डोळ्यांत पाणी आलं. तीन पेडांची घालतोस की नुसता पीळ देतोस?

गोदाताई


इंदिरानगर
५ जानेवारी २०२५

ती. वन्संना सौ. सुधाचा सा. न. वि. वि.

उजवा हात शाबूत आहे म्हणून स्वतःच लिहितेय. ह्यांना सांगितलं की गुळपोळीची कृती विचारतेय.

मी दवानं घसरले नाही. ह्यांनी हात सोडला. सुटला नाही वन्सं, सोडला. बोटं उघडलेली मला कळली. दुखण्याआधी तेच कळलं.

तुम्हाला ठाऊक आहे, लग्नाला बेचाळीस वर्षं झाली, हे रस्त्यानं कायम पुढं. ओठांत काहीतरी पुटपुटत जायचे आणि मी मागं पिशव्या घेऊन. मेनरोडच्या गर्दीत दोनदा मला विसरून घरी आलेत. म्हणून तर शर्यतीत नाव दिलं. हात सोडायचा नाही असा नियम माझ्या संसारात पहिल्यांदाच कुणी केला होता!

पण मी दव का म्हटलं, तेही सांगते. तुम्हाला वाटेल, नवऱ्याची लाज राखली. तसं नाही. मनात आलं, राहू दे हे ओझं ह्यांच्या डोक्यावर थोडे दिवस. आयता चहा आला, भाजी आली, वेणीसुद्धा. मी ऐटीत खाटेवर बसून घेत राहिले. आता मात्र माझंच मन मला खातंय. कारण हे घरात कविता म्हणेनासे झालेत. अंघोळ करतानासुद्धा चकार शब्द नाही. बेचाळीस वर्षं जिला भुणभुण म्हणत आले, ती थांबली तर घरातला दिवा गेल्यासारखं झालंय. आणि रस्त्यानं आता हे माझ्या मागून चालतात, अपराध्यासारखे. मला मागूनही नकोत हो.

प्लास्टर पुढच्या आठवड्यात निघेल. शर्यत सोडावी, असं हे म्हणतात. मला सोडायची नाही. पण हात मी कसा पुढं करू? आणि मी गप्प बसून त्यांना छळलं, हे कसं सांगू?

मला वेडी म्हणा, पण माया कमी करू नका.

सुधा


त्र्यंबकेश्वर
११ जानेवारी

चि. ढुंढू आणि चि. सौ. सुधा यांस अनेक आशीर्वाद.

हे पत्र दोघांच्या नावानं आहे. ढुंढूनं मोठ्यानं वाचावं, सुधानं ऐकावं. मी कुणाचं कुणाला सांगणारी नाही. पण इथून पुढे मला एकेकट्याचं पत्र नको. आलं तर न फोडता परत पाठवीन. दोघांनी मिळून एक लिहा. तोवर तिळगूळसुद्धा पाठवणार नाही.

गोदाताई


इंदिरानगर
१० फेब्रुवारी

ती. गोदाताईस,
दोघांचा शि. सा. न. वि. वि.

तुझा तिळगूळ हुकला, कारण एक पत्र व्हायला महिना लागला.

प्लास्टर निघालं त्या दिवशी सुधानं मला न बोलता ट्रॅकपँट वाळत घालायला दिली. तेवढ्यावरून समजलो, शर्यत सोडायची नाही. डॉक्टरांनी चालायला हो म्हटलं, सरपटायला नको. मंडळानं आम्हाला जाळीला वळसा घालू दिला आणि वाळूची पिशवी एकट्या माझ्या खांद्यावर दिली. मी बाजू बदलली, तिचा उजवा हात धरला. सराव केला, पण ओळ काही माझ्या तोंडून फुटेना. नुसतेच चालायचो.

काल शर्यत झाली. टायर पार पडले. पुढे ओंडका, तोच. शाळेला सुट्टी, मैदान शांत. तेव्हा सुधाच हळू आवाजात म्हणाली, धरू हात. एवढंच, आणि माझ्याकडे बघत राहिली. पुढचा शब्द माझा होता. मी ‘दोघे’ म्हटलं आणि आम्ही थांबलो.

ताई, त्या थांब्यात मी तिला सांगितलं, की दव नव्हतं. मी माझा तोल राखायला तुझा हात सोडला.

सुधा म्हणाली की माहीत आहे, त्याच दिवशी कळलं होतं, आणि कळूनही गप्प राहिले ते चहासाठी. मी काही विचारणार तोच म्हणाली की बाकीचं घरी, आता पाय उचला, मागची जोडी खोळंबलीये.

‘निघू या’वर आम्ही दोघांनी पाय उचलला. आमचा नंबर शेवटून पहिला आला. मागची जोडीसुद्धा आमच्या पुढे निघून गेली.

लोभ जपून ठेवला असशील, तर आता मागायला तोंड आहे.

तुझा ढुंढू

ता. क. वन्सं, हे सुधाचं अक्षर. शेवटून पहिला आला ते खरं, पण ह्यांनी हात इतका आवळून धरला की माझी उजवी पाटली वाकली. काढता काढता साबण संपला. उद्या सोनाराकडे जायचंय, सोबत हेही येणार आहेत. पुढं नाही, मागं नाही. आत्ता न्हाणीघरातून लगागा ऐकू येतंय. तिळगूळ पाठवा.