दुसऱ्या अंगाची खूण

आप्पा, तुम्हाला जाऊन पंधरा वर्षं झाली आणि आजवर मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही. आज लिहितेय, कारण हे जित्याजागत्या माणसाला सांगायचं धाडस माझ्यात नाही.

निपाणीची वखार आठवते. तुम्ही पोत्यात कोपरापर्यंत हात घालून आतली तंबाखू काढता, तळहातावर चुरता, वास घेता आणि पोत्याच्या एका अंगाला खडूनं प्रतीची खूण करता. मागाहून तुमचे जोडीदार काका येतात. तुमची खूण न बघता तेच पोतं पारखतात आणि दुसऱ्या अंगाला स्वतःची खूण करतात. एकदा काका तापानं झोपून होते. मी तेव्हा मेडिकलच्या पहिल्या वर्षाला, सुट्टीत तुमचा डबा घेऊन आलेली. मालक ओरडत होता की गाडी उभी आहे, दोन्ही खुणा तुम्हीच करा. मीही म्हटलं, "करा की आप्पा, तुम्हाला काय कमी कळतंय?" तुम्ही सगळ्यांसमोर माझ्यावर उखडलात. "डाक्टर व्हायला निघालीस न्हवं? माझं चुकलं तर मला कोण सांगणार गं?" गाडी रिकामी गेली. चारचौघांत बोललात म्हणून मी दोन दिवस तुमच्याशी बोलले नाही.

कोरोनाच्या साथीत मी बेळगावात मेडिकल कॉलेजात शिकवत होते. एका गोळीवर जगभरातून जे संशोधन येत होतं, त्याचा आढावा मी आणि तिथलीच, अनगोळला राहणारी एक सहकारी लिहीत होतो. नियम तुमच्या वखारीचाच. प्रत्येक शोधनिबंध दोघींनी वेगवेगळा वाचायचा, एकमेकींचं न बघता तो चांगला की कच्चा ते ठरवून आपापल्या रकान्यात लिहायचं. तिच्या घरी सगळेच आजारी पडले. फोनवर ती रडत म्हणाली, "तूच भर गं माझा रकाना, मला काय बी सुचत न्हाय." आमच्या विभागप्रमुख साहेबांना आठ दिवसांत लेख हवा होता. मी भरला. आप्पा, मी माझाही धड भरला नव्हता. निबंधांचे फक्त वरचे सारांश वाचले होते. आणि खरं वाटावं म्हणून तिच्या रकान्यात तीन ठिकाणी मुद्दाम वेगळं मत टाकलं, खाली लिहिलं, 'मतभेद चर्चेनं मिटवले.' नाटक झकास वठलं. गोळी गुणकारी आहे, असं आम्ही छापलं. पुढं कळलं, त्यातले दोन निबंध एकाच इस्पितळातल्या त्याच रुग्णांवरचे होते, म्हणजे एकच पुरावा आम्ही दोनदा मोजला होता. आत हात घातला असता तर तेव्हाच कळलं असतं.

गेल्या महिन्यात निपाणीला गेले होते. आपल्या गल्लीतल्या डॉक्टरांनी टेबलाच्या खणातून माझा लेख काढला, पिवळ्या रेघा मारलेला. "मॅडम, तवा काय कळत नव्हतं बघा. तुमचं वाचून गोळ्या दिल्या. लई आधार झाला."

"कुणाला त्रास झाला?" मी विचारलं.

"छाती धडधडायची काहींची. एक आजी गेल्या. रोगानंच गेल्या असतील म्हणा."

मी "व्हय" म्हणाले, चहा प्याले आणि उठले. मला माझी लाज वाटते, आप्पा.

लेख मागे घ्या, असं पत्र त्या मासिकाला लिहून ठेवलंय. त्यावर दोघींच्या सह्या लागतात. तिला मी अजून फोन केलेला नाही. काल पत्र पुन्हा काढून बघितलं, तर खाली तिची सही आहे. तीही मीच केलेली.