कुलूप न लावणारं गाव

प्रिय ताईस, तुझ्या भावाचा नमस्कार.

आम्ही सगळे सुखरूप आहोत. घर शहरातल्या खोलीच्या तिप्पट आहे. गाव इतकं सज्जन की कोणी दाराला कुलूपच लावत नाही. आता तूच सांग, चाव्या बनवणाऱ्यानं इथे करायचं काय? दुकानात लोक येतात, पण गप्पा मारायला.

हिला करमत नाही, पण बोलत नाही. दिवसभर आतून कडी लावून बसते. पोरगी विचारते, परत कधी जायचं? मी म्हणतो, बघू. आपल्या खोलीत तर दुसरे राहायलाही आले असतील.

आईचा गुडघा कसा आहे? तिला सांग, धंदा छान चाललाय.

तुझ्या दाराची जादा चावी माझ्याच जुडग्यात राहिली. पाठवत नाही. कुलूप तेवढं बदलू नकोस.

तुझाच,
भाऊ