इंजिन आधी की पंखा

३ जुलै, गुरुवार. मुरबे.
नवी वही. सुरुवात सगळ्यांच्या तब्येतीने करतो, म्हणजे पुढे कोण सुधारलं, कोण बिघडलं ते कळेल.
बायको काशी: गुडघा दुखतो, तोंड ठणठणीत. मुलगा केतन: बरा, पण हल्ली माझाच बाप असल्यासारखा बोलतो. सून हेमांगी: सर्दी. बोट: मासेमारी बंद म्हणून किनाऱ्यावर ओढलेली, रंगाची वाट बघते. शेजारचा नवशा: कंटाळा सोडून दुसरा रोग नाही. केतनचा कॉम्प्युटर: ताप ८९ डिग्री.
मी: उत्तम. मार्चमध्ये बोटीवर पडलो ते चक्कर येऊन नाही. आमचा खलाशी जिवल्या, त्याने डेकवर तेल सांडलं होतं. सगळ्यांसमोर सुनावलं त्याला. तेव्हापासून घरी येत नाही. लाज वाटत असणार.
पालघरच्या डॉक्टरने सांगितलं, कानातला तोल बिघडलाय. चाळीस वर्षं तांडेल म्हणून बोट हाकली, तोल कानात असतो हे कोणी बोललं नव्हतं. मान हलवायच्या व्यायामाचा कागद दिलाय. जाड आहे. माउसखाली छान बसतो.

५ जुलै, शनिवार.
नारळी पौर्णिमा झाली की दुसऱ्या दिवशी बोट निघणार. मी येणार म्हटलं. केतन नाय म्हणाला. मी दिवसभर मागे लागलो. रात्री जेवताना तो वैतागला, म्हणाला, बाबा, माझ्या कॉम्प्युटरवर तो बोटीचा गेम हाय ना, त्यात हेडसेट लावून एक तास सरळ उभे राहा, मग बघू.
मग बघू म्हणजे हो. मुलगा माझा आहे, मला कळतं.
हेडसेट त्याने हौसेने घेतलेला, दोन वर्षं माळ्यावर पडून. डोळ्यांवर बांधला की चहूकडे समुद्र. कॉम्प्युटर मी यूट्यूब बघून स्वतः शिकलोय. आणि तास म्हणजे काय. वादळात बारा बारा तास सुकाणू धरलंय मी.

६ जुलै, रविवार, सकाळी ९.
चार मिनिटं. मग उलटी. पित्त. सुकटीची चटणी बाधली.

संध्याकाळी ५.
आज दुपारी चटणी खाल्ली नव्हती. तीन मिनिटं. चहाचं पित्त.

८ जुलै, मंगळवार.
सापडलं. यूट्यूबवर एक गृहस्थ सांगतात, चित्र अडखळलं की माणसाला मळमळतं. सेकंदाला नव्वद चित्रं लागतात. आपलं मशीन पंचेचाळीस देतं. म्हणजे दोष मशीनचा. जीव भांड्यात पडला. काशीला सांगितलं तर ती म्हणाली, मंग पित्ताची गोळी मशीनला द्या.
उपाय दोन. प्रोसेसर बदलायचा नाहीतर ग्राफिक्स कार्ड. दोन्ही एकदम झेपणार नाही. पण यात विचार करण्यासारखं काय आहे? प्रोसेसर म्हणजे इंजिन. कार्ड म्हणजे बोटीखालचा पंखा. आधी इंजिन. अख्ख्या मुरब्यात कोणालाही विचारा.

१२ जुलै, शनिवार.
कॉम्प्युटर मांडीवर घेऊन रिक्षाने बोईसरला, जितेशच्या दुकानात. त्याने गेम चालवून आकडे दाखवले: प्रोसेसर पन्नास टक्के, कार्ड शंभर. म्हणाला, काका, तुमचं इंजिन निवांत बसलंय, पंख्याची कंबर मोडलीय, कार्डच घ्या. मी विचारलं, तू कधी बोट चालवलीस का. नाही म्हणाला. विषय संपला. प्रोसेसर घेतला. पैसे कुठून आणले ते इथे लिहीत नाही. काशी वही वाचते.

१३ जुलै, रविवार.
सात मिनिटं. कालपर्यंतच्या जवळजवळ दुप्पट. या वेगाने महिनाअखेर तास होतो.
हेमांगीने बादली आधीच आणून ठेवली होती. घरात कोणाचा कोणावर विश्वास राहिला नाही.

१५ जुलै, मंगळवार.
तीन मिनिटं. हवा दमट.

१९ जुलै, शनिवार.
पुन्हा बोईसर. जितेशने प्रोसेसर परत घेतला आणि कार्ड दिलं. काही बोलला नाही. मी तेही ऐकून घेतलं. कार्ड एवढं लांब की डब्याचं झाकण लागत नाही. जाळ्याचा तुकडा बांधलाय. हवा खेळती राहते.
चित्रं आता पूर्ण नव्वद.

२० जुलै, रविवार.
पाच मिनिटं. समुद्र मात्र इतका स्वच्छ की माशाचे खवले मोजून घ्यावेत. उलटी येईपर्यंत मोजले.

२७ जुलै, रविवार.
लिहायचं नव्हतं, पण लिहितो.
नवशा तरुणपणी दोन दिवस माझ्या बोटीवर आला होता. दोन्ही दिवस कठड्यावर ओणवा. त्याला बोट लागायची ती धक्का सुटायच्या आधीच. म्हणून तारापूरच्या कारखान्यात गेला आणि तिथेच रिटायर झाला. आम्ही त्याला अजून हसतो.
आज आला, म्हणाला, बघू तरी तुजा समुद्र. मी हेडसेट बांधला, घड्याळ लावलं, बादली पुढे सरकवली.
एक तास दहा मिनिटं. मध्ये चहा मागितला. घोळीएवढा, हातभर लांब मासा काढला. मग हेडसेट उतरवून म्हणाला, धर्मा, समुद्र एवढासाच हाय तर मी उगाच कारखान्यात गेलो.
केतन दारात उभा होता.
मशीन तेच. चित्रं नव्वदच. पण नवशाला मोतीबिंदू आहे. त्याला नीट दिसतच नसणार.

१ ऑगस्ट, शुक्रवार.
बंदी उठली. बोट रंगवून खाडीत उतरवली आहे. मला नवीन सुचलंय: दोष फरशीचा. डोळ्यांना लाट दिसते आणि पायाखाली काही हलत नाही. तांडेलाच्या पायांची फसवणूक होते. नवशाच्या पायांना फरशीचीच सवय. कॉम्प्युटर बोटीवर नेला की प्रश्न मिटला. उद्या जागा बघून येतो.

२ ऑगस्ट, शनिवार.
बोटीवर चढलो. पाणी अगदी शांत. दोन मिनिटांत खाडी डावीकडे कलली आणि सरळ होईना. डोलकाठीला मिठी मारली. मागून कोणीतरी कोपर धरलं. जिवल्या. मला खाली बसवलं, पाणी दिलं.
बसल्या बसल्या डेकवर हात फिरवून पाहिला. कोरडं.
हेडसेट घरीच होता.

५ ऑगस्ट, मंगळवार.
माउसखालचा कागद काढून वाचला. मान डावीकडे, दहा आकडे. मग उजवीकडे. काशी समोर बसून आकडे मोजते. फार हळू मोजते.

९ ऑगस्ट, शनिवार.
काल समुद्राला नारळ दिला, आज पहाटे केतन बोट घेऊन गेला, जिवल्या आणि दुसरा खलाशी महादू सोबत. मी धक्क्यावर खांब धरून उभा होतो. जिवल्याने दोर सोडला. त्याच्याशी बोलायचं ठरवून गेलो होतो. दोर नीट गुंडाळ, एवढंच बोललो.
घरी येऊन केतनला व्हॉट्सॅप केला. इथे उतरवून ठेवतो.
'केतन, तुझा घसा बरा आहे का. महादूचा खोकला थांबला का. जिवल्याचा खांदा कसा आहे. इंजिन तापलं तर त्याला शिव्या घालू नको, आधी पंख्यात जाळं अडकलंय का बघ. इकडे तुझी आई बरी, हेमांगी बरी. नवशा रोज दोन तास आपल्या हॉलमध्ये समुद्रावर असतो. मार्चमध्ये डेकवर तेल नव्हतं. जिवल्याला सांग. सगळ्यांसमोर सांग.'

संध्याकाळी ६.
अजून एकच टिक. म्हणून खाली आणखी एक ओळ पाठवली.
'रेंज आली की लवकर लिही. जिवल्या काय म्हणाला तेही लिही.'